संगणकाची पदवी : निवड कशी करावी?

बारावीचे निकाल लागले की आमच्या बँकेच्या खिडकीसमोर दरवर्षी एक ठरावीक दृश्य दिसते. मुदतीआधीच ठेव मोडायला आलेले वडील आणि त्यांच्या मागे उभा असलेला मुलगा किंवा मुलगी. "काय घेणार?" असे सहज विचारले तर बहुतेक वेळा उत्तर येते, "कॉम्प्युटर." पुढे "कॉम्प्युटरमध्ये काय?" असे विचारले की बापलेक एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. संस्थेच्या सभागृहात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, त्या दिवशीही हाच प्रश्न निघतो आणि त्याचे हेच उत्तर मिळते. म्हणून यंदा स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा आम्ही हाच विषय घ्यायचे ठरवले.

आम्ही कला शाखेचे पदवीधर आहोत, संगणकाचे तज्ज्ञ नाही, हे आधीच सांगितलेले बरे. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा शाखेत संगणक होते, पण प्रत्येक शाखेचा हिशेब तिच्यापुरताच असे. एका शाखेचे खाते दुसऱ्या शाखेला दिसत नसे. पुढे कोअर बँकिंग आले आणि कोणत्याही शाखेचे खाते कोठूनही चालू लागले. हा बदल आम्ही खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिला आहे. शिवाय शैक्षणिक कर्जाचे अर्ज आमच्या टेबलावरून जातात. कोणत्या पदवीला कर्ज मिळाले आणि कोणत्या कागदाला मिळाले नाही, हेही रोज पाहतो. या अनुभवावर आणि त्या त्या वेळी वाचून घेतलेल्या माहितीवर हा लेख आधारलेला आहे.

आमच्या हातून झालेली एक चूक

काही वर्षांपूर्वी आमच्याच वस्तीतील एक गृहस्थ ठेव मोडायला आले. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशातली ती ठेव होती. मुलाला एका खाजगी संस्थेत तीन वर्षांच्या "संगणक पदवी"ला घालायचे होते. जाहिरात मोठी, इमारत चकचकीत आणि नोकरीची हमी लेखी. त्याच मुलाला शासकीय तंत्रनिकेतनात जागा मिळत होती, पण तो "नुसता डिप्लोमा" म्हणून घरच्यांना कमी वाटला. त्यांनी आम्हाला विचारले, "साहेब, बरोबर करतोय ना?" आम्ही स्लिपवर शिक्का मारत म्हणालो, "कॉम्प्युटर कुठेही शिकला तरी कॉम्प्युटरच. घाला."

तीन वर्षांनी तो मुलगा प्रमाणपत्र घेऊन एम.सी.ए.च्या प्रवेशासाठी गेला. तेथे कळले की ती संस्था कोणत्याही विद्यापीठाशी संलग्न नव्हती आणि तो कागद कायद्याच्या दृष्टीने पदवी नव्हताच. तीन वर्षे गेली, ठेवही गेली. पुढे त्या मुलाने नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून नव्याने पदवी घेतली. आज तो एका रुग्णालयाच्या संगणक विभागात काम करतो. त्याचे बरे चालले आहे, ही त्याच्या जिद्दीची गोष्ट. पण आम्ही त्या दिवशी दोन मिनिटे थांबून "संस्था कोणत्या विद्यापीठाची?" एवढे विचारले असते, तर त्याची तीन वर्षे वाचली असती. ते गृहस्थ आजही भेटले की आदराने नमस्कार करतात आणि आम्हालाच मान खाली घालावी लागते. या लेखामागचे खरे कारण हे आहे.

संगणक हा एक विषय नव्हे

पहिली गोष्ट ही की "कॉम्प्युटर" नावाचा एकच एक विषय नाही. अमेरिकेतील ए.सी.एम. आणि आय.ट्रिपल.ई. यांसारख्या व्यावसायिक संस्थांनी २००५ साली संगणकाच्या पदवी शिक्षणाची पाच शाखांत विभागणी करून दाखवली. त्या शाखा अशा : संगणक अभियांत्रिकी, संगणक विज्ञान, माहिती प्रणाली, माहिती तंत्रज्ञान आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकी. २०२० च्या सुधारित अहवालात त्यांत सायबर सुरक्षा आणि डेटा सायन्स या दोन शाखांची भर पडली. आपल्याकडील अभ्यासक्रम हुबेहूब या नावांनी चालत नाहीत, पण समजून घेण्यास ही विभागणी फार उपयोगी आहे.

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. आपण ए.टी.एम.मध्ये कार्ड घालतो आणि पाचशेची नोट बाहेर येते. या एका नोटेमागे किती जणांचे काम आहे ते पाहा.

नोटा मोजणारे आणि कार्ड वाचणारे यंत्र, त्यातील चिप आणि त्या चिपला हुकूम देणारा प्रोग्राम हे संगणक अभियांत्रिकीचे क्षेत्र. यात इलेक्ट्रॉनिक्स आणि भौतिकशास्त्र अधिक लागते.

आपला पिन तारेवरून जाताना कोणाला वाचता येऊ नये म्हणून तो गणिती रीतीने कुलूपबंद केलेला असतो. कोट्यवधी खात्यांतून आपले खाते क्षणात शोधले जाते. या रीती शोधणे, त्या बरोबर आहेत हे सिद्ध करणे आणि त्या जलद करणे हे संगणक विज्ञानाचे काम. येथे गणित हाच पाया असतो.

बँकेचा लाखो ओळींचा प्रोग्राम एका माणसाने लिहून होत नाही. अनेकांनी मिळून तो लिहायचा, तपासायचा आणि वर्षानुवर्षे दुरुस्त करत ठेवायचा, हे सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे काम.

दिवसाला किती रक्कम काढू द्यायची, पैसे न येता खात्यातून वजा झाले तर ते कसे परत करायचे, कोणता अहवाल कोणत्या अधिकाऱ्याला जायला हवा, हे बँकेचे व्यवहार समजून घेऊन संगणकात बसवणे म्हणजे माहिती प्रणाली. वाणिज्य शाखेच्या मुलाला ही वाट जवळची आहे.

सर्व्हर, नेटवर्क आणि शाखेतील यंत्रे चालू ठेवणे, बंद पडली तर पुन्हा उभी करणे, हे माहिती तंत्रज्ञानाचे काम. "लिंक गेली आहे" असे आम्ही खिडकीवरून ग्राहकांना सांगतो, तेव्हा दुसऱ्या टोकाला हीच माणसे धावपळ करत असतात.

चोरट्यांना बाहेर ठेवणे हे सायबर सुरक्षेचे काम. कालपर्यंत नागपुरात पैसे काढणाऱ्या ग्राहकाचे कार्ड आज अचानक दूरच्या शहरात मध्यरात्री चालू लागले, तर आकडेवारीच्या आधारे शंका काढणे हे डेटा सायन्सचे.

विद्यार्थी मित्रांनो, यातील कोणते काम आपल्याला आवडेल याचा विचार आधी करा. पदवीचे नाव नंतर पाहू.

पदव्यांची नावे आणि वाटा

महाराष्ट्रात बारावीनंतर मुख्यतः पुढील वाटा आहेत.

पहिली वाट बी.ई. किंवा बी.टेक.ची. मुदत चार वर्षे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे, आणि ठरावीक विषयांत साधारणपणे ४५ टक्के, राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के गुण लागतात. प्रवेश राज्याच्या सी.ई.टी. कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, एम.एच.टी.-सी.ई.टी. किंवा जे.ई.ई. मेनच्या गुणांवर होतो. एम.एच.टी.-सी.ई.टी.मध्ये गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा असतो. त्यामुळे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे आहेत. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. अभ्यासक्रमाचा साधारण पाचवा हिस्सा अकरावीचा असतो. "अकरावी आरामाची" असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

या वाटेवर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी आणि गेल्या काही वर्षांत आर्टिफिशियल इंटेलिजन्स, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी अशी शाखांची नावे दिसतात. पहिल्या दोन शाखांचा गाभा बराच सारखा आहे. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस आणि नेटवर्क हे विषय दोन्हीकडे असतात. तेव्हा "कॉम्प्युटर" मिळाले नाही, "आय.टी." मिळाले म्हणून रडण्याचे कारण नाही. नव्या नावांच्या शाखांबाबत मात्र अभ्यासक्रम उघडून पाहावा. वर सांगितलेले मूळ विषय त्यात पुरेसे असतील तर ती शाखा चांगली. नुसते नाव नवे असेल तर सावध राहावे.

दुसरी वाट बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स किंवा बी.एस्सी. आय.टी.ची. ज्याला विषयाची गोडी आहे पण अभियांत्रिकीची फी किंवा प्रवेश परीक्षा जमली नाही, त्याने या वाटेला कमी लेखू नये. चांगल्या महाविद्यालयातील बी.एस्सी. आणि त्यावर एम.एस्सी. किंवा एम.सी.ए. केलेला विद्यार्थी अभियंत्याच्या शेजारी बसून तेच काम करताना आपण पाहतो.

तिसरी वाट बी.सी.ए.ची. येथे प्रोग्रामिंगच्या जोडीला व्यवहाराचे विषय असतात आणि बऱ्याच ठिकाणी वाणिज्य व कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळतो. २०२४-२५ पासून हा अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आणि राज्यात त्यासाठी स्वतंत्र सी.ई.टी. सुरू झाली. त्या वेळी अनेक विद्यार्थ्यांना हे वेळेवर कळलेच नाही. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून परिषदेच्या कक्षेबाहेर राहणे पसंत केले. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव आणि सी.ई.टी. लागते की नाही, हे दोन्ही विचारून घ्यावे.

चौथी वाट दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या पदविकेची. शासकीय तंत्रनिकेतनाची फी कमी, प्रात्यक्षिक अधिक, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. म्हणजे दहावीनंतर सहा वर्षांत पदवी पदरात पडते, आणि बारावीमार्गे जाणाऱ्यालाही तितकीच वर्षे लागतात. ज्या घरात लवकर कमाईची गरज आहे, तेथे मधल्या टप्प्यावर नोकरी धरण्याची सोय या वाटेत आहे. आमच्या चुकीच्या सल्ल्याने त्या मुलाची हीच वाट सुटली होती.

पाचवी वाट नोकरी करत शिकणाऱ्यांची. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बी.सी.ए. ही जुनी आणि मान्य पदवी आहे. २०२१ पासून मद्रासच्या आय.आय.टी.ने डेटा सायन्सची बी.एस. पदवी ऑनलाइन सुरू केली. तिला जे.ई.ई. लागत नाही. पात्रता टप्पा मात्र पार करावा लागतो, आणि परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्याव्या लागतात. फीमध्ये प्रवर्ग आणि उत्पन्न पाहून सवलत मिळते. ही पदवी सोपी नाही. पण गावात राहून, दुकान सांभाळून शिकू पाहणाऱ्यासाठी असे दार पूर्वी कधीच उघडे नव्हते.

या सर्वांच्या पुढे एम.सी.ए. आहे. पूर्वी तीन वर्षांचा असलेला हा अभ्यासक्रम २०२०-२१ पासून दोन वर्षांचा झाला. बारावीला किंवा पदवीला गणित घेतलेल्या इतर शाखांच्या पदवीधरांनाही येथे येता येते. कला शाखेला गेलेल्या मुलाने बारावीचे गणित सोडले नसेल, तर त्याचा मार्ग बंद झालेला नाही. अकरावीला "नको ते गणित" म्हणून विषय सोडणाऱ्या मुलामुलींना हे आवर्जून सांगावे.

आणखी एक बाब. नव्या शैक्षणिक धोरणानुसार बी.एस्सी., बी.सी.ए. या पदव्या तीन वर्षांनंतर घेता येतात किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी मिळवता येते. मधल्या वर्षी बाहेर पडल्यास प्रमाणपत्र किंवा पदविका मिळते. ही सोय अडचणीच्या वेळेसाठी आहे. एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर समाधान मानण्यासाठी नाही.

नोकरीची जाहिरात आधी वाचा

आमच्या क्षेत्रातील एक उदाहरण देतो. बँकेत लिपिक होण्यास कोणत्याही शाखेची पदवी चालते. आम्ही तसेच लागलो. परंतु आय.बी.पी.एस.मार्फत भरल्या जाणाऱ्या आय.टी. अधिकाऱ्याच्या पदासाठी संगणक किंवा संबंधित विषयातील चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी, किंवा त्या विषयातील पदव्युत्तर पदवी, किंवा पदवीनंतर डोएक म्हणजे आताच्या नायलिटची "बी" लेव्हल मागितली जाते. याचा अर्थ, तीन वर्षांच्या बी.सी.ए.वर थांबलेला हुशार मुलगा त्या परीक्षेला बसूच शकत नाही. एम.सी.ए. झालेला बसू शकतो. म्हणून ज्या पदाचे स्वप्न आहे त्या पदाची मागील वर्षाची जाहिरात काढून पात्रतेचा रकाना आज, प्रवेशापूर्वी वाचावा. पदवी झाल्यानंतर वाचून उपयोग नाही.

गणित, इंग्रजी आणि आपले माध्यम

आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना दोन गोष्टींची भीती असते : गणित आणि इंग्रजी.

गणिताबाबत खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. संगणक विज्ञान आणि अभियांत्रिकीत गणित लागतेच. मात्र ते पाठांतराचे नसते. ते पायरीपायरीने विचार करण्याचे असते. घरातील एखादे काम, समजा शंभर वह्यांचे गठ्ठे हजेरी क्रमांकाप्रमाणे लावणे, कमीत कमी वेळात कसे होईल, असा विचार करण्यात ज्याला मजा वाटते, त्याला प्रोग्रामिंग जमेल. ज्याला त्याचा कंटाळा येतो, त्याने माहिती तंत्रज्ञान किंवा माहिती प्रणालीकडे पाहावे. अथवा संगणकाचा नाद सोडून आपल्या आवडीचा विषय घ्यावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

इंग्रजी ही पहिल्या वर्षाची अडचण आहे. ती आयुष्यभराची ठरण्याचे कारण नाही. प्रोग्रामिंगच्या भाषांत इंग्रजी शब्द मोजकेच असतात. पुस्तक वाचण्यापुरते इंग्रजी रोज दोन पाने वाचून सहा महिन्यांत येते. पण मुलाखतीत बोलण्याचे इंग्रजी सरावाशिवाय येत नाही आणि तेथे आपली मुले अडतात, हेही खरे आहे. २०२१-२२ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकण्याची सोय झाली, आणि पिंपरी-चिंचवड येथील एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरू झाला. विषय मातृभाषेत समजून घ्यावा आणि बरोबरीने इंग्रजीही कमवावे, असे आमचे मत आहे.

संस्था खरी की खोटी?

पदवी देण्याचा अधिकार फक्त कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला आणि तसा अधिकार मिळालेल्या संस्थेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी जाहीर करतो. प्रवेशापूर्वी पुढील बाबी तपासाव्यात.

१) पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार? त्या विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांच्या यादीत या संस्थेचे आणि या अभ्यासक्रमाचे नाव आहे काय?

२) अभियांत्रिकी, एम.सी.ए. वा बी.सी.ए. असेल तर तंत्रशिक्षण परिषदेची चालू वर्षाची मान्यता आहे काय?

३) "नॅक"ची श्रेणी संपूर्ण महाविद्यालयाची असते, तर "एन.बी.ए."चे मूल्यांकन एकेका अभ्यासक्रमाचे असते. आपल्याला हव्या असलेल्या अभ्यासक्रमाला ते आहे काय?

४) प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्यामागे एक संगणक आहे की तिघांत एक? ती किती वाजेपर्यंत उघडी असते? ज्याच्या घरी संगणक नाही त्याच्यासाठी हा प्रश्न सर्वांत मोठा आहे.

५) शिक्षक कायम आहेत की दर सहा महिन्यांनी बदलतात? हे कार्यालयात विचारू नये. फाटकाबाहेर चहा पिणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे. ती खरे सांगतात.

"शंभर टक्के नोकरीची हमी" देणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. चांगली महाविद्यालये मुलाखतींची सोय करतात, हमी देत नाहीत. तीन-सहा महिन्यांचे खाजगी वर्ग किंवा एम.एस.-सी.आय.टी.सारखे प्रमाणपत्र उपयोगी आहे, परंतु ते पदवीची जागा घेऊ शकत नाही.

पैशाचे गणित

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्यापेक्षा जास्त उत्पन्न असलेल्यांना राज्याच्या फ्रीशिप योजनेतून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काचा लाभ मिळतो. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावे लागतात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तसेच आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क संपूर्ण माफ झाले. शेजारपाजाऱ्यांनाही हे सांगावे.

यात एक मेख आहे. खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयात या शुल्काचा लाभ केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या विद्यार्थ्यालाच मिळतो. व्यवस्थापन कोट्यातून घाईने प्रवेश घेतला की हा हक्क हातचा जातो. दुसरे, व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते मिळण्यास वेळ लागतो, म्हणून अकरावीतच अर्ज करावा. बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती १९९० च्या कायदादुरुस्तीने मिळाल्या. मोठ्या मागणीनंतर मिळालेला तो हक्क एका कागदाअभावी गमावणे योग्य नव्हे.

प्रवेशाच्या फेऱ्यांत पसंतीक्रमही विचारपूर्वक भरावा. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली की ती अंतिम ठरते, मागाहून बदलता येत नाही. म्हणून मनातून हवे असेल तेच महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहावे.

आता कर्जाविषयी. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेप्रमाणे चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राची पतहमी योजना आहे, त्यामुळे तारणाची अट नसते. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर मानांकित संस्थेतील तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणाच्या काळातील व्याज केंद्र सरकार भरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदार न देता कर्ज मिळते.

तरीही कर्ज हे कर्जच. हिशेबापुरते दहा टक्के सरळ व्याज धरू. चार वर्षे दरवर्षी एक लाख उचलले आणि शिक्षणानंतरच्या एका वर्षापर्यंत काहीच भरले नाही, तर व्याज एक लाख चाळीस हजार होते. म्हणजे परतफेड सुरू होताना देणे पाच लाख चाळीस हजार. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे सात हजार शंभर रुपये हप्ता बसतो. पहिल्या नोकरीच्या पगारातून हा हप्ता, खोलीचे भाडे आणि घरी पाठवायचे पैसे निघतील काय, हे कागदावर मांडून पाहावे. शिकत असताना व्याज भरत गेलात तर हप्ता पाच हजार तीनशेच्या आसपास येतो. बापाची मुदत ठेव आणि आईचे दागिने मोडण्यापूर्वी हा हिशेब जवळच्या शाखेत जाऊन समजून घ्यावा. त्यासाठी बँकेत फी लागत नाही.

यंत्रच प्रोग्राम लिहू लागले, मग शिकायचे कशाला?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅट-जी.पी.टी. आले आणि तेव्हापासून पालक हा प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे. साधे, ठरावीक प्रोग्राम यंत्र आता झटपट लिहून देते, आणि केवळ तेवढेच येणाऱ्याला काम मिळणे अवघड झाले आहे. या धंद्यात मंदीही येते. २००१, २००८ आणि २०२२-२३ या वर्षांत जगभर अनेकांच्या नोकऱ्या गेल्या.

परंतु बँकांत संगणक येणार म्हटल्यावरही असेच वाटले होते. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांच्या संगणकीकरणाला दिशा मिळाली, तेव्हा कर्मचाऱ्यांत मोठी धास्ती होती. लेजर लिहिण्याचे काम गेले, हे खरेच. पण खात्यातील चूक कोठे झाली हे ओळखणाऱ्याची गरज गेली नाही, उलट वाढली. यंत्राने लिहिलेला प्रोग्राम बरोबर आहे का, तो कोठे फसेल, त्यात चोराला वाट राहिली आहे का, हे तपासायला पाया पक्का असलेला माणूस लागतो. म्हणून आजच्या बाजारातील एखाद्या भाषेमागे न धावता मूळ विषय पक्के करावेत. भाषा दर काही वर्षांनी बदलतात. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क आणि गणित यांचा पाया मात्र टिकतो.

शेवटी

विद्यार्थी मित्रांनो, अर्ज भरण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर चार उत्तरे लिहा. मला यातील कोणते काम आवडेल? त्या कामाच्या जाहिरातीत कोणती पदवी मागतात? ती पदवी माझ्या आवाक्यातील कोणत्या मान्य संस्थेत मिळते? आणि तिचा संपूर्ण खर्च, वसतिगृह व प्रवासासह, कोठून येणार? चारही उत्तरे जुळली तर निर्धास्तपणे प्रवेश घ्या. एखादे जुळत नसेल, तर मित्र जातो म्हणून जाऊ नका.

पालकांनी मुलींच्या बाबतीत "जवळचे कॉलेज" हा एकच निकष लावू नये, एवढी विनंती. वसतिगृहाची सोय आहे, शिष्यवृत्ती आहे, आणि हे काम बसून, बुद्धीने करण्याचे आहे.

संस्थेच्या सभासदांना एक सूचना करतो. आपल्यातील जे संगणक क्षेत्रात आहेत, त्यांनी दर वर्षी मे-जून महिन्यांत दोन रविवार सभागृहात बसावे. मुलांचे अर्ज, पसंतीक्रम आणि कागदपत्रे पाहून द्यावीत. शैक्षणिक कर्ज आणि शिष्यवृत्तीच्या कागदांचे टेबल आम्ही स्वतः सांभाळू. पुन्हा कोणी ठेव मोडायला येऊन "बरोबर करतोय ना?" असे विचारले, तर शिक्का मारण्यापूर्वी खुर्ची पुढे करून त्यांना बसवू आणि आधी संस्थेचे नाव विचारू.